शंभरच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं तेव्हा: स्पोर्ट्स कारच्या हादऱ्याचं मूळ कसं शोधायचं

माझ्या १९९१ च्या माझदा एमएक्स-५ मियाटाचं स्टेअरिंग ताशी ६२ मैलांना, म्हणजे १०० किलोमीटरला थरथरायला लागायचं आणि ७० मैलांच्या आसपास हळूहळू शांत व्हायचं. तीन वेळा व्हील बॅलन्सिंग करून घेतलं. तिन्ही वेळा मशीनने चारही चाकांना शून्य दाखवलं. आणि तिन्ही वेळा डेट्रॉइटहून टोलेडोच्या दिशेने आय-७५ वर चढलो की पाचव्या मिनिटाला हाताच्या बोटांना तीच थरथर.

शेवटी कारण सापडलं ते चाकाच्या मधल्या भोकात. आधीच्या मालकाने बसवलेल्या अलॉय रिमचं भोक ७३.१ मिलिमीटरचं होतं आणि मियाटाच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. मशीनवर चाक शंकूने दाबून अगदी सेंटरला बसत होतं. गाडीवर मात्र ते फक्त चार नटांच्या भरवशावर होतं, आणि हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. मशीन खोटं बोलत नव्हतं. ते मशीनवरच्या चाकाबद्दल बोलत होतं, गाडीवरच्या नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काकांच्या लेथवर सुट्ट्या काढल्या, तेव्हा हेच रोज ऐकलं होतं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लेथच्या पकडीत (चकमध्ये) आउट, म्हणजे केंद्रापासून सरकून, चालत असेल तर पुढचं माप कितीही बारकाईने घ्या, उपयोग नाही. मी घाईने टूल लावायला गेलो की काका म्हणायचे, "अरे, आधी डायल लाव. मग बोल." डायल म्हणजे बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापाचं यंत्र. हा सगळा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. आधी मोजायचं, हादरा नेमका कुठल्या फिरणाऱ्या वस्तूचा आहे ते ठरवायचं आणि मगच पैसे खर्च करायचे. उदाहरणं मियाटाची आहेत, कारण ती मला नटापर्यंत माहीत आहे. पण इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असलेल्या कुठल्याही गाडीला हीच रीत लागू पडते.

हलकी गाडी जास्त का थरथरते

१९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ही गाडी आली तेव्हा तिचं वजन जेमतेम साडेनऊशे किलो होतं. मोठ्या सेडानमध्ये जो हादरा सीटच्या फोममध्ये आणि जाड बुशांमध्ये जिरून जातो, तो इथे थेट हातात येतो.

आता दहा ग्रॅमचा हिशोब करू. १४ इंची रिमच्या कडेला १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाकाला बाहेर साधारण पावणेदोन किलोच्या जोराने ओढतं, तेही सेकंदाला जवळपास १६ वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० ला तो एक चतुर्थांशच असतो, म्हणून गावात काहीच कळत नाही.

मग ११५ च्या पुढे थरथर कमी का होते? चाक, हब आणि सस्पेन्शनचे हात मिळून जे वजन टायर आणि स्प्रिंगच्या मध्ये लोंबतं, त्याची स्वतःची एक लय असते. बहुतेक गाड्यांत ती सेकंदाला १० ते १५ च्या आसपास पडते. चाकाचे फेरे त्या लयीजवळ आले की झोका मोठा होतो, पुढे गेले की उतरतो. त्यामुळे अमुक ते अमुक वेगातच येणारी थरथर दिसली की माझा पहिला संशय नेहमी चाक, टायर आणि हबवर जातो.

रस्त्यावर निघण्याआधी

चारही टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींवरून हात फिरवा. कुठे फुगा लागला किंवा ट्रेडमध्ये एका जागी उंचवटा लागला, तर चाचणी तिथेच थांबवा. आतला पट्टा सुटत असलेला टायर हायवेवर फुटतो. त्या टायरवर गॅरेजपर्यंतही हायवेने जाऊ नका. चारही चाकांचे नट पान्याने तपासा. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा तारखेचा शिक्का वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर कितीही नवा दिसला तरी मी त्याला संशयितांत धरतो. स्पोर्ट्स कार कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

हवा थंड टायरमध्ये भरा. माझ्या मियाटाला चारही चाकांत २६ पीएसआय लागते. तुमच्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवर मिळेल.

मिशिगनमध्ये आम्ही नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत अशा गाड्या झाकून ठेवतो. पाच महिने एकाच जागी उभं राहिलेल्या टायरला खाली चपटेपणा येतो, आणि वसंतातल्या पहिल्या फेरीत गाडी अशी हादरते की माणूस घाबरतो. म्हणून निकाल कधीही थंड टायरवर देऊ नका. २५–३० किलोमीटर चालवून टायर गरम होऊ द्या. तेवढ्यात हादरा विरला तर तो चपटेपणाचा होता. नाही विरला तर पुढे वाचा.

चाचणीसाठी एकच रस्ता ठरवा, आणि तो डांबरी असू द्या. काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांची स्वतःची थापी असते आणि ती माणसाला फसवते. महाराष्ट्रातल्या मित्रांना मी समृद्धी महामार्गाबद्दलही हेच सांगतो: वेगमर्यादा १२० ची असली तरी हादरा ओळखायला तो रस्ता सोयीचा नाही.

रस्त्यावरच्या पाच चाचण्या

शेजारी वही घेऊन कुणीतरी बसलेलं हवं. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं. वेग मर्यादेच्या आत, रस्ता मोकळा.

पहिली चाचणी म्हणजे जागा ओळखणं. थरथर स्टेअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं. सीटला आणि कमरेला असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा. गियरच्या दांड्याला आणि फरशीला बारीक झिणझिण असेल तर शाफ्ट, क्लच किंवा इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. हे पक्कं नसतं, पण सुरुवातीला दिशा मिळते. कुठल्या वेगाला सुरू होतं, कुठे सगळ्यात जास्त असतं, कुठे थांबतं, हे तीन आकडे वहीत हवेतच.

दुसरी: हादरा जोरात असताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका आणि तशीच जाऊ द्या. इंजिन चालूच ठेवा. किल्ली फिरवायची नाही, कारण स्टेअरिंग लॉक होण्याचा आणि ब्रेकची मदत जाण्याचा धोका असतो. न्यूट्रलमध्ये हादरा लगेच गेला तर इंजिन, क्लच किंवा फाउंडेशन. तसाच राहिला तर दोष रस्त्याच्या वेगाशी बांधलेल्या कशात तरी आहे. इथे एक चूक खूप लोक करतात: न्यूट्रलमध्ये हादरा राहिला म्हणजे प्रोपेलर शाफ्ट संशयातून सुटला, असं धरतात. तो सुटत नाही. मागच्या चाकांना जोडलेला असल्याने तो न्यूट्रलमध्येही फिरतच असतो.

तिसरी: तोच वेग, गियर वेगळा. माझी गाडी १०० ला पाचव्या गियरमध्ये साधारण ३३०० आरपीएमवर असते, चौथ्यात ४१०० च्या जवळ. गियर बदलल्यावर थरथरीचा पोत बदलला तर इंजिनाकडे बघा. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ३३०० पर्यंत नेऊन पाहा. तिथेही झिणझिण असेल तर चाकांचा संबंधच नाही.

चौथी: हलका ब्रेक. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पण ब्रेक न दाबताही येत असेल आणि १५–२० मिनिटांनी वाढत असेल, तर कॅलिपर (डिस्कला चिमटणारी ब्रेकची पकड) चिकटून बसला आहे का ते बघा. गाडी थांबवल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता अनुभवा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथेच थांबा. मियाटाच्या मागच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम होतात, हे या गाडीचं जुनं दुखणं आहे.

पाचवी: लांबलचक वळण. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. त्या वेळी घुरघुर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर उजवं बेअरिंग. बेअरिंग आधी वाजतं, नंतर हादरतं. त्यामुळे आवाज नसताना बेअरिंग बदलायला कुणी सांगितलं तर कारण विचारा.

खडू, टेप आणि फोन

माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, आणि याला गॅरेज लागत नाही.

सपाट जमिनीवर टायरच्या तळाशी खडूने खूण करा, जमिनीवरही करा. स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी ढकला, चाकाची खूण एक फेरा घेऊन पुन्हा खाली येईपर्यंत. दोन खुणांमधलं अंतर मोजा. माझ्या १८५/६० आर १४ टायरचं ते १७६ सेंटिमीटर येतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागिले १.७६, उत्तर १५.८. चाक सेकंदाला सुमारे १६ फेरे घेतं.

माझ्या गाडीच्या डिफरन्शियलचं (शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणाऱ्या गियरच्या पेटीचं) गुणोत्तर ४.३ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट ४.३ वेळा फिरतो: सेकंदाला ६८. पाचव्या गियरचं गुणोत्तर ०.८१४, म्हणून इंजिन ५५. हे तीन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा: १६, ५५, ६८. हाताला यातला फरक कळतो. १६ म्हणजे थरथर, हात हलताना दिसतो. ६८ म्हणजे झिणझिण, मुंग्या आल्यासारखी. दिसत काही नाही, पण आरशातलं चित्र धूसर होतं.

डोळ्यांवर विश्वास नको असेल तर फोन वापरा. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यात प्रवेगाचा वर्णपट, म्हणजे सेकंदाला किती वेळा येणारा हादरा किती मोठा आहे ते, दाखवणारा प्रयोग असतो. फोन सीटच्या लोखंडी रुळाला टेपने घट्ट बांधा. मऊ गादीवर ठेवला तर काही उपयोग नाही. अ‍ॅप शेजारच्याने हाताळायचं. ९०, १०० आणि ११० अशा तीन वेगांना अर्धा-अर्धा मिनिट नोंद घ्या.

१६ वर उंच सुळका आला तर चाक, टायर किंवा हब. ३२ वर आला, म्हणजे एका फेऱ्यात दोन धक्के, तर टायर लंबगोल झालाय किंवा त्याला दोन उंचवटे आहेत, आणि असा टायर वजनं लावून कधीच सुधारत नाही. ६८ वर आला तर प्रोपेलर शाफ्ट. मात्र बहुतेक फोनचा सेन्सर इतक्या वरच्या आकड्यांना कुंपणावर असतो, म्हणून तिथे हाताचीही साक्ष घ्या. आणि वेग बदलल्यावर सुळका सरकलाच पाहिजे. १०० ला १६ असेल तर ११० ला साडेसतराच्या जवळ हवा. जो सरकत नाही तो कुठल्याच फिरत्या वस्तूचा नाही, ती बॉडीची स्वतःची लय आहे.

पुढची चाकं मागे

आता फुकटची चाचणी. चारही चाकं एकाच मापाची असतील तर पुढची दोन मागे आणि मागची दोन पुढे लावा. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर त्यांची बाजू बदलू नका. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली, तर दोषी चाक किंवा टायर. जागची हलली नाही, तर हब, बेअरिंग, डिस्क किंवा सस्पेन्शन. मागचे टायर रुंद असलेल्या गाड्यांना हे जमत नाही. तिथे त्याच मापाची चाकं मित्राकडून एका दुपारीपुरती आणा.

माझ्या गाडीत अदलाबदलीनंतर थरथर कमी झाली, पण गेली नाही, आणि मला काही दिवस उलगडा झाला नाही. कारण सोपं होतं. दोष चारही चाकांच्या बसण्यात होता. प्रत्येक वेळी चाक काढून लावलं की ते वेगळ्या जागी आउट बसायचं. म्हणून हे वाक्य लक्षात ठेवा: चाक नुसतं काढून पुन्हा लावल्यावर हादरा बदलत असेल, तर चाक हबवर सेंटरला बसत नाहीये.

किती आउट म्हणजे जास्त? टायरसकट चाक १३ किलोचं धरा. ते हबवर फक्त ०.३ मिलिमीटर बाजूला बसलं, तर परिणाम रिमच्या कडेला २२ ग्रॅम वजन चिकटवल्याइतका होतो. कागदाच्या तीन पानांएवढी फट.

जॅकवर

गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे लागला तर टाय रॉड एंड. सैल जॉइंट स्वतः हादरा निर्माण करत नाहीत, पण छोटा हादरा मोठा करतात. अलाइनमेंटचंही तसंच. ती चुकल्याने गाडी थेट थरथरत नाही. टायर करवतीसारखा झिजतो आणि मग तो टायर थरथरवतो. त्यामुळे हादऱ्याची तक्रार घेऊन गेल्यावर आधी अलाइनमेंट करून देणाऱ्याकडे मी पुन्हा जात नाही.

मग डायल. चुंबकाचा पाया जड लोखंडी ठोकळ्यावर बसवा, टोक रिमच्या आतल्या काठावर टेकवा, चाक हाताने सावकाश फिरवा. वर-खालचं आणि आत-बाहेरचं, दोन्ही मोजा. अलॉय रिमला पाऊण मिलिमीटरच्या वर गेलं की मी ती रिम बाजूला ठेवतो. चाक काढून हबच्या तोंडावर डायल लावा. तिथे ०.०५ मिलिमीटरच्या वर काटा हलला तर आधी गंज साफ करा, मग पुन्हा मोजा. डायल नसेल तर स्टँडला टोकदार तार बांधून रिमपासून एक मिलिमीटरवर धरा आणि चाक फिरवा. फट कमी-जास्त होताना अर्ध्या मिलिमीटरपर्यंत डोळ्याला सहज दिसते.

माझ्या पुढच्या उजव्या हबवर काटा ०.१८ वर गेला. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने घासल्यावर, तपकिरी भुकटी पुसल्यावर, तो ०.०३ वर आला. तेवढ्या भुकटीने तीन बॅलन्सिंग वाया घालवली होती.

चाक पुन्हा कसं लावायचं

रिमचं भोक आणि हबचा उंचवटा यांच्यातली फट भरणाऱ्या, ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत अशा मापाच्या हब रिंगा घ्या. रोजच्या वापराला प्लास्टिकच्या चालतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या घ्याव्यात, कारण ब्रेकच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ होतं. रिंग बोटाने दाबून बसली पाहिजे, खडखडायला नको. उंचवट्याला ग्रीसचा पातळ हात द्या. नटांच्या आट्यांना ग्रीस नको.

चाक हवेत असतानाच चारही नट हाताने फिरवून टेकवा, चाक थोडं हलवत राहा म्हणजे शंकू आपापल्या जागी बसतील. समोरासमोरच्या क्रमाने, आधी ५० न्यूटन-मीटर, मग १००. माझदाचा आकडा ८८ ते ११८ आहे. इम्पॅक्ट गनने पहिला नट पूर्ण आवळला की चाक तिथेच तिरकं अडकतं आणि बाकीचे तीन नट त्याला तसंच पक्कं करतात. टायरच्या दुकानात उभं राहून ही एक गोष्ट स्वतः बघा.

बॅलन्सिंगवाल्याला काय सांगायचं

मशीनचं शून्य नेहमी शून्य नसतं. बहुतेक मशीन ठरावीक ग्रॅमच्या खालचा फरक गोल करून शून्य दाखवतात. बारीक आकडा दाखवणारं बटण असतं, ते दाबायला सांगा. दुसरं: बॅलन्स झाल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा कसा आणि पुन्हा पळवा. आकडा शून्याजवळ राहिला तर ठीक. एकदम १५–२० ग्रॅम दिसले तर चाक मशीनवरच आउट बसलंय आणि आधीचं सगळं काम फुकट आहे. याला दोन मिनिटं लागतात. चांगला कारागीर हे ऐकून चिडत नाही.

वजनं आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पातळ्यांवर लावायला सांगा. रिम सुंदर दिसावी म्हणून सगळी वजनं एकाच ओळीत चिकटवली तर चाकाचं डुलणं तसंच राहतं. टायरवर लाल ठिपका असेल तर ती त्याची ताठ बाजू, ती रिमचा काठ जिथे सगळ्यात आत बसलेला असतो तिथल्या खुणेशी जुळवतात. पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ येतो. एवढं करूनही १६ चा सुळका राहिला तर रोडफोर्स मशीन असलेलं दुकान शोधा. त्यात रोलर टायरवर दाब देतो, त्यामुळे वजनाने समतोल असलेला पण एका बाजूला ताठ असलेला टायर पकडला जातो. साध्या मशीनला तो कधीच दिसत नाही.

आणि झिणझिण असेल तर

रिंगा बसल्यावर माझं स्टेअरिंग शांत झालं, तेव्हा कुठे सीटखालची ६८ ची बारीक झिणझिण जाणवली. मोठ्या हादऱ्याने ती झाकली होती.

मियाटात गियरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब, जाळीदार तुळई असते. क्लचच्या कामासाठी ती सोडावी लागते, आणि परत लावताना तिची उंची मॅन्युअलप्रमाणे जुळवायची असते. नुसते बोल्ट आवळून टाकले तर शाफ्टचा कोन बिघडतो. माझ्या गाडीचं क्लचचं काम आधीच्या मालकाकडे झालं होतं. तुळई सैल करून उंची जुळवली आणि झिणझिण निम्म्यावर आली. उरलेली शाफ्टमुळे होती. शाफ्ट काढण्याआधी डिफरन्शियलच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची रेघ मारा. जॉइंटचे क्रॉस हाताने दोन्ही दिशांना वाकवून बघा. कुठे खाच लागल्यासारखं अडकलं तर जॉइंट संपला. माझे ठीक होते, म्हणून शाफ्ट फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून लावला. रेघ आता समोरच्या बाजूला आहे आणि फोनवर ६८ चा सुळका बाकीच्या गवतातून वेगळा ओळखू येत नाही.

चाकं लावल्यावर ८० किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्कला तपासा. नव्या रिंगा आणि घासलेले हब थोडे बसतात. माझ्या गाडीत मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले होते.